ऊसतोडीच्या गाड्या हलायच्या आत पोरींना सांगा, आयांना सांगा

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका किशोरी मेळाव्याची बातमी फोटोसकट आली होती, ती मी दुकानात बसून दोनदा वाचली. मेळावा झाला हे चांगलंच झालं, आमच्या वेळी असल्या विषयावर कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं. पण फोटोतल्या मुली बघितल्या तर सगळ्या नववी-दहावीच्या. म्हणजे ज्यांना पाळी येऊन दोन-तीन वर्षं होऊन गेली, जे भ्यायचं होतं ते एकटीनं भिऊन झालं, त्यांना डॉक्टर मॅडमनी येऊन सांगितलं की पाळी काय असते. पाचवी-सहावीच्या मुली त्या हॉलमधे का नव्हत्या, एवढाच माझा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय, थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा ही विनंती.

मी केज तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते, १९ वर्षं झाली. दुकान जिल्हा परिषद शाळेच्या गेटासमोरच आहे. गणवेश बऱ्यापैकी माझ्याकडंच असतात आणि दोन वर्षांपासून शाळा व्यवस्थापन समितीवर पण आहे, त्यामुळं गावातली जवळपास प्रत्येक मुलगी दर जूनला माझ्यासमोर हात वर करून उभी राहते आणि मी टेपनं तिचं माप घेते.

टेपला सगळं कळतं साहेब. चौथीपर्यंत पोरी येतात, गिरकी घेतात, मावशी खिसा मोठा ठेवा म्हणतात, पळून जातात. पाचवी-सहावीला एखाद्या वर्षी तीच पोरगी खांदे पुढं ओढून उभी राहते, हात छातीवर घट्ट, टेप लावायला गेलं की अंग चोरते. मागच्या वर्षीपेक्षा उंची दोन-अडीच इंच वाढलेली असते, छातीचं माप वाढलेलं असतं आणि तिला ते दुखतही असतं पण कुणाला सांगावं कळत नाही. सोबत आलेली आई म्हणते, ढिल्ला शिवा हो, माया भरपूर ठेवा, पुढच्या वर्षी उसवून चालवता येईल. त्यांचं पैशाचं गणित मला कळतं, मी पण माया ठेवते. पण पोरीकडं बघून तिला काय होतंय हे आई विचारत नाही, आणि पोरगी हळूच माझ्या कानात म्हणते, मावशी वरून जॅकेट शिवा ना. भर उन्हाळ्यात जॅकेट! या वयाच्या मुलीला पाठीचा कणा वाकवून चालायची सवय लागते ती अशीच लागते, ताठ उभी राहा म्हणून ओरडण्यापेक्षा तिला एक समीज आणून दिली आणि दोन वाक्यं नीट बोललं तर ती आपोआप ताठ चालते, हे मी किती पोरींच्या बाबतीत बघितलंय.

आता मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगते. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात. पाचवीतली, ११ वर्षांची. आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्याकडं गेलेले, ती आणि धाकटा भाऊ आजीजवळ. मधल्या सुट्टीत पोरगी माझ्या दुकानात आली आणि काहीच बोलेना, मशीनच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं कुणी मारलं. जवळ घेतलं तर थरथर कापत होती. मग म्हणाली, मावशी काल मी सायकलवरून पडले, आजीला सांगितलं नाही, मला आत लागलंय, रक्त थांबत नाहीये. म्हणजे हे लेकरू सकाळच्या परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत मी मरणार म्हणून बाकावर बसून होतं, आणि वर सायकल चालवली म्हणून मार बसेल ही भीती वेगळीच.

शटर अर्ध्यावर ओढलं, पाणी दिलं, माझ्या लेकीसाठी ठेवलेलं पॅड दिलं, कसं लावायचं दाखवलं, आणि तिला सांगितलं की तुला काही लागलेलं नाही, हे सगळ्याच मुलींना येतं, मला पण आलं, तुझ्या आईला पण आलं, तुमच्या शाळेतल्या मॅडमना पण येतं. तेव्हा तिनं डोळे मोठे केले आणि विचारलं, मॅडमना पण? त्यावरच ती थोडी हसली. मग म्हणाली आईला फोन लावा.

आईला फोन लावला, ती उसाच्या फडात होती, मागं कोयत्याचा आवाज, गाडी भरायची घाई. मी सांगितलं असं असं झालंय, काळजी करू नको, पोरगी माझ्याजवळ आहे. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मावशे, सासूला कळू देऊ नका. तिला कळलं की यांच्या कानावर जाईल, अन मग पुढल्या हंगामाच्या आत हिचं उरकून टाकतील."

साहेब, शहरातल्या वाचकांना वाटत असेल की खेड्यातल्या आया लाजतात म्हणून बोलत नाहीत. लाज आहेच. पण आमच्याकडं न बोलण्यामागं ही भीती आहे, आणि ती खोटी नाही. आमच्याकडं पोरगी शहाणी झाली असं म्हणतात आणि शहाणी झाली याचा अर्थ लग्नाला आली असा घेतात. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, एक कोयता म्हणजे दोन माणसं, त्यामुळं पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि पोरीचं लग्न झालं की मागं तिला कुणाजवळ ठेवायचं ही काळजी मिटते. आईबापांना लेकीची माया नसते असं बिलकुल नाही. सहा महिने पोर म्हातारीजवळ, काही बरंवाईट झालं तर कोण बघणार, हा घोर त्यांना झोपू देत नाही. पण त्यातून जे होतं ते आकड्यात दिसतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं, तर १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात १०० मागं २२ च्या आसपास निघाल्या, आमच्या बीडमधे जवळपास ४४ आणि परभणीत ४८. राज्याच्या दुप्पट! बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, गावात ग्रामसेवकच त्याचा अधिकारी असतो, मुलांच्या मदतीसाठी १०९८ ला फोन लावता येतो, हे सगळं आहे, पण हे सगळं लग्न ठरल्यावरचं झालं, त्याच्या आधीची दोन वर्षं पोरीशी आणि आईबापाशी कुणीच बोललेलं नसतं.

आणि निसर्ग आपल्याला आधी वर्दी देतो हो. छातीत गाठ आल्यासारखं वाटायला लागलं की त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, उंची भराभर वाढते, काखेत केस येतात, पाळीच्या आधी काही महिने पांढरं जायला लागतं. मला हे आमच्या आशाताईंनी सांगितलं आणि मग मला माझ्या मापाच्या वहीचा अर्थ लागला. म्हणजे दोन वर्षं हातात असतात. बहुतेक मुलींना १२-१३ च्या सुमारास येते पण दहाव्या-अकराव्या वर्षी येणं पण नॉर्मल आहे, म्हणजे पाचवी. म्हणून सांगायची वेळ पाचवीचीच, आठवीत सांगणं म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाणं वाटण्यासारखं आहे.

काय सांगायचं म्हणाल तर फार मोठं भाषण लागत नाही. ही जखम नाही, रोग नाही, घाण नाही. पोटात गर्भपिशवीला आतून दर महिन्याला एक अस्तर तयार होतं, ते लागलं नाही की गळून पडतं. मी पोरींना ड्रेसच्या अस्तराचंच उदाहरण देते, त्यांना ते एका मिनिटात कळतं. २ ते ७ दिवस चालतं. रक्त खूप गेलं असं वाटतं पण सगळे दिवस मिळून ते साधारण दोन-तीन मोठे चमचेच असतं. पहिली दोन वर्षं तारीख पुढंमागं होणारच, एखादा महिना चुकला म्हणून घरात आरडाओरडा करू नका, भगताकडं नेऊ नका. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, नाहीतर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेकायचं, डॉक्टरांना विचारून गोळी घेतली तरी चालते. पण एका-दोन तासात पॅड पूर्ण भिजत असेल, आठ दिवसांच्या वर चाललं असेल, किंवा १५ वर्षं पूर्ण झाली तरी आलीच नसेल तर डॉक्टरकडं न्यायलाच पाहिजे. बस एवढंच, पंधरा मिनिटांचं काम.

कापडाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. माझ्याकडं बायका उरलेल्या चिंध्या मागायला येतात, कशाला पाहिजे ते सांगत नाहीत पण मला माहीत असतं. पॉलिस्टर, टेरीकॉट, साडीचं सिंथेटिक कापड, जे असेल ते नेतात. त्यानं शोषलं जात नाही, मांड्या सोलून निघतात, आणि मग ते कापड धुवून कुठंतरी न्हाणीच्या कोपऱ्यात, लुगड्याखाली, अंधारात वाळत घालतात, ते ओलंच राहतं आणि खाज, इन्फेक्शन सगळं तिथून सुरू होतं. कापड वापरायला काहीच हरकत नाही, पण ते सुती पाहिजे, साबणानं धुतलेलं पाहिजे आणि उन्हात कडक वाळलेलं पाहिजे. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका पण ऊन लागू द्या. मी आता सुती तुकडे वेगळे काढून ठेवते, घडी घालून चारी बाजूंनी टीप मारून देते. पॅडचं म्हणाल तर राज्य सरकारची अस्मिता योजना २०१८ च्या महिला दिनाला सुरू झाली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट मिळायचं, आणि जनऔषधी केंद्रात १ रुपयाला एक पॅड मिळतं. पण जनऔषधी केंद्र गावात नसतं आणि पोरगी तालुक्याला एकटी जात नसते. शाळेत एका पेटीत वीस पॅड ठेवले तरी पोरीचा दिवस वाचतो, नाहीतर घरी गेलेली पोरगी परत येत नाही हे मी गेटासमोर बसून रोज बघते.

पण पेटी ठेवून तरी काय, संडासाला कुलूप असेल तर! मुलींचं वेगळं स्वच्छतागृह २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे, बांधलेलं पण असतं. पण किती शाळांत किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते, आणि ती मागायला पोरीनं सगळ्या सरांसमोरून आत जायचं. कोण जाईल? मग पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी समितीच्या मीटिंगमधे हे बोलले तेव्हा आधी सगळे गप्प, मग ठरलं की किल्ली सातवीच्या वर्गात दाराजवळ टांगायची, मुलींनी मुलींत बघून घ्यायचं. खर्च शून्य रुपये. पाण्याचं तेवढं सोपं नाही. आपला मराठवाडा, मार्च लागला की बोअर आटतात, टँकर सुरू होतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्या उन्हाळ्यात वयात येणाऱ्या पोरींनी ते चार दिवस कसे काढले असतील हे मी कुठं वाचलं नाही. टँकर आला की प्यायच्या पाण्यानंतर दुसरा ड्रम मुलींच्या संडासाला, असा ग्रामपंचायतीनं ठराव करावा, आम्ही तो मांडलाय.

दुसरी एक गोष्ट निळ्या गोळीची. दर सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी देतात आणि अर्ध्या पोरी ती खिशात घालून आणतात आणि माझ्या दुकानाच्या मागं फेकतात, मी उचललेल्या आहेत. का? तर कुणीतरी सांगितलं की त्यानं पोरं होत नाहीत. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीतच देशात १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. पाळीत रक्त जाणार, वरून चहा-चपातीवर दिवस काढणार, मग चक्कर येऊन परिपाठात पडणार. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर घ्यायची नाही, शी काळी होते त्याला भ्यायचं नाही, एवढं सांगितलं आणि मॅडमनी स्वतः पोरींसमोर एक गोळी खाऊन दाखवली तर फरक पडतो. आमच्या मॅडमनी दाखवली.

हे सगळं लहानपणी न सांगितल्याचं पुढं काय होतं ते बीड जिल्ह्याला मी काय सांगावं. २०१९ मधे ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण बाहेर आलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी ऐन तिशीतल्या. माझ्या गिऱ्हाईकांत पण आहेत, त्यांच्या ब्लाउजची मापं वर्षभरात बदललेली मी बघितली, अंग सुटलेलं, हाडं दुखतात म्हणतात, मशीनवर बसवत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात हे कारण होतं, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली हे कारण होतं. पण मला वाटतं अजून एक कारण होतं, त्या बाईला अकराव्या वर्षापासून कुणी सांगितलंच नव्हतं की किती जाणं नॉर्मल आणि किती नाही, पांढरं कधी जातं, पोट का दुखतं. जिला आपल्या शरीराचं काहीच माहीत नाही तिला कुणीही पिशवी काढून टाक म्हणलं तर ती काय उलट विचारणार?

म्हणून माझी मागणी एकच आहे. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या हलतात, ट्रक-ट्रॅक्टरमधे सामान भरून आख्ख्या वाड्या वस्त्या रिकाम्या होतात, माणसं परत येतात ती मार्च-एप्रिलमधे. पालक सभा जानेवारीत घेतली तर ज्यांच्या लेकींना खरी गरज आहे त्यांचे आईबाप तिथं नसतातच. तर ऊसतोडीच्या पट्ट्यात, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडं, पाचवी ते सातवीच्या मुलींच्या पालकांची एक सभा गाड्या हलायच्या आत घ्या. त्यात आईला सांगा, आणि मागं राहणाऱ्या आजीला पण बोलवा कारण सहा महिने पोरगी तिच्याजवळ असणार, विटाळ विटाळ म्हणून ती पोरीला थंडीत ओसरीवर झोपवणार की जवळ घेणार हे त्या एका सभेवर ठरतं. आमची एक आजी मागच्या एका सभेत म्हणाली, मला बी माझ्या मायनं काही सांगितलं नव्हतं, मी शेतात रडत बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, पहिल्यांदा बोलली. त्यानंतर बाकीच्या बायका बोलायला लागल्या, मग आशाताईंना काही विचारावं लागलं नाही.

आणि बापाला पण बसवा. बाप बाहेर जा, बायकांचं आहे, असं करू नका. शहाणी झाली म्हणजे लग्नाला आली हा हिशोब बाप, चुलते आणि मामा करतात, तेव्हा त्यांनाच डॉक्टरनी तोंडावर सांगायला पाहिजे की पाळी आली म्हणजे अंग बाळंतपणाला तयार झालं असं नसतं, कंबरेचं हाड वाढायला अजून कितीतरी वर्षं लागतात. माझ्या मापाच्या वहीत आहे ते, पाळी आल्यावर पुढं पाच-सहा वर्षं पोरीच्या कंबरेचं, नितंबाचं माप बदलतच असतं.

आमच्या शाळेत पाचवीला सर आहेत, मॅडम नाहीत. आधी ते या विषयाला दुसरीकडं बघायचे. पण त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी त्यांना जाऊन सरळ सांगितलं, सर तुमच्या वर्गात ती चार तास मरण घेऊन बसली होती. त्यांना फार लागलं ते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात सगळ्यांसमोर, पोरांसमोर पण, सांगितलं की कुठल्याही मुलीला बाहेर जायचं असेल तर कारण न सांगता हात वर करायचा आणि जायचं, आणि कुणाच्या ड्रेसला डाग दिसला तर हसणाऱ्याला आधी माझ्याकडं यावं लागेल. पोरं हसत नाहीत आता. एका पोरानं तर स्वतःचा स्वेटर दिला कमरेला बांधायला, हे मला पोरींनीच सांगितलं. शाळेत सखी सावित्री समिती असायला पाहिजे असा २०२२ चा सरकारचा निर्णय आहे, तुमच्या गावच्या शाळेत ती भिंतीवरच्या बोर्डापुरती आहे की महिन्याला बसते हे पालकांनी जाऊन विचारावं. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं फुकट बोलता येतं, तपासणी होते, हेही शाळेनं फळ्यावर लिहावं.

त्या मुलीच्या आजीशी मी स्वतः बोलले. पंधरा दिवस रोज संध्याकाळी जाऊन बसले, बाकी गप्पा मारल्या आणि मग हळूच विषय काढला. आजी तशी मऊ निघाली. मार्चमधे आईबाप आले तेव्हा बाप माझ्याकडं आला, मी घाबरलेच होते, पण तो म्हणाला, मावशी, हिच्या पुढच्या वर्षीच्या ड्रेसचं माप घेऊन ठेवा, आम्ही जूनला गडबडीत असतो. ती आता सहावीत आहे.

यंदापासून पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलीच्या ड्रेसला मी उजव्या बाजूच्या शिलाईत आतून एक खिसा लावते, एक पॅड घडी करून बसेल एवढा, बाहेरून दिसत नाही. त्याचे पैसे घेत नाही. ज्या बायका गणवेश शिवतात त्यांनी पण लावावा, वीतभर कापड लागतं, उरलेल्या तुकड्यातून निघतं.

आमच्या शाळेतली सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायची ठरलीय. तारीख पक्की झाली की कळवते, जमलं तर पेपरात छापा म्हणजे शेजारच्या गावच्या बायका पण येतील.

आपली वाचक,
शिवणकाम करणारी एक आई,
ता. केज, जि. बीड